अर्शाम सरदाराची तहान

ग्रीक आणि इराणी का लढले, ते मला विचारू नका. तो धडा येण्याआधीच माझी आणि शाळेची फारकत झाली. पण फिलोनची गंमत ऐका. हा ग्रीक शिपाई लढाईत इराण्यांच्या हाती सापडला. सकाळी सरदार अर्शामनं मिशीला पीळ देत हुकूम सोडला, "उडवा मुंडकं!"

फिलोन म्हणाला, "सरकार, शुद्धीत केलेला निर्णय दारू पिऊन पुन्हा तपासायचा, अशी तुमची रीत आहे ना?"

"आहेच! आमचे बादशहासुद्धा ती मोडत नाहीत."

"मग प्या की!"

पण सरदार पिणार काय? दारूच्या सगळ्या गाड्या कालच ग्रीकांनी पळवल्या होत्या. अख्खी छावणी पाण्याचे घोट घेत चिडून बसली होती.

"रीत मोडलीत तर तुमचेच शिपाई हसतील," फिलोन हळूच म्हणाला. "मला सोडा. गाड्या कुठे आहेत ते मला ठाऊक आहे. एक बुधला घेऊन येतो. पोटभर प्या, मग खुशाल उडवा."

सरदारानं ओठांवरून जीभ फिरवली आणि स्वतःच्या हातानं त्याचे दोर सोडले.

फिलोन घरी पोचला. सरदाराच्या नावानं पहिला पेला त्यानंच रिचवला. बिचाऱ्या अर्शामचा फेरविचार मात्र अजून बाकी आहे!