टेप लावलेली तार

"...मग इतका हुशार सेन्सर बसवूनही गाडी बंद का पडते?"

शर्वरी मगदूम बॉनेटखाली वाकून तारा बघत होती.

गोकुळ शिरगावच्या फाट्याजवळ तिचं गॅरेज आहे. वय तिशीच्या आत, पण सगळे तिला उस्ताद म्हणतात. विचारणारे होते इंगवले सर. पॉलिटेक्निकमध्ये त्यांनीच तिला इंजिन शिकवलं होतं.

सरांच्या मागे त्यांच्या पत्नी इंदुमतीकाकू उभ्या होत्या. हातात पिशवी, पिशवीत नातीची कुंची. निपाणीला दुपारी बारसं होतं.

"गाडी धड चालली तर बसेन," काकू म्हणाल्या. "नाहीतर समोर एसटीचा थांबा आहे. मी चालले."

"अगं, दोन मिनिटं!"

"कागलच्या लग्नालाही दोनच मिनिटं म्हणाला होतात. तिथं आपण पोचलो तेव्हा वाढपी जेवत होते."

सर शर्वरीकडे वळले. "सुरू होते. मिनिटभर झकास चालते. इंजिन गरम झालं की मान टाकते. मला वाटतं सेन्सरच खराब निघाला."

"सेन्सर उत्तम आहे, सर."

"असणारच! मी निवडलाय." मोठी माणसं तक्रार करतानाही स्वतःची पाठ थोपटून घेतात. "सायलेन्सरच्या पाइपात बसवला. जुना काढून टाकला. जुना अगदीच अडाणी. धुरातला ऑक्सिजन बघायचा आणि दोनच शब्द बोलायचा. पेट्रोल जास्त झालं की 'जास्त', कमी झालं की 'कमी'. आयुष्यभर तेवढंच! नवा बघ, किती जास्त, किती कमी, सगळं दशांशात सांगतो."

"कुणाला?"

"म्हणजे?"

"सांगतो कुणाला?"

"इंजिनाला पेट्रोल मोजून देणाऱ्या कंप्युटरला. आणखी कुणाला?"

"तो नवीन बसवलाय?"

"छे. तो कंपनीचाच आहे."

...

शर्वरीने हात पुसले. "सर, गाडी मागं घ्या. रॅम्पवर चढवायची आहे. मी सांगते तसं या."

सर गाडीत बसले. काचेतून डोकं बाहेर काढलं. शर्वरी मागे जाऊन उभी राहिली.

"तुमच्या मागं अकरा फूट चार इंच जागा आहे, सर. डावं चाक रॅम्पच्या रेषेच्या नऊ इंच बाहेर. जमीन उजवीकडं किंचित उतरती."

"हां... हां..."

"आता नऊ फूट दोन. डावं चाक साडेसात इंच. मागच्या टायरात हवा थोडी कमी. आता आठ फूट..."

"अगं, पण स्टिअरिंग फिरवू कुठं?"

"सात फूट एक इंच. रेषेशी कोन साधारण बारा अंश..."

धाड!

रिकामं ऑइलचं पिंप गडगडत थेट काकूंच्या पायाशी येऊन थांबलं.

सर लाल होऊन उतरले. "ही काय पद्धत झाली? मी मागं बघू, आकडे ऐकू, की स्टिअरिंग फिरवू?"

"ती पण तेच विचारतेय."

"कोण ती?"

"तुमची गाडी."



काकूंनी पिशवी पिंपावर ठेवली. पदर खोचला. "बसा परत," त्या म्हणाल्या आणि गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"डावीकडं... येऊ द्या... येऊ द्या... उजवीकडं... येऊ द्या..."

त्यांनी बंपरवर थाप मारली.

"बास."

चारही चाकं रॅम्पवर होती.

 इंजिन घरघरलं, आचके देत बंद पडलं. मग सर सीटवरूनच म्हणाले, "नवा सेन्सर बोलतो ते सगळंच दोन शब्द कळणाऱ्या त्या कंप्युटरला 'जास्त' असं ऐकू येत असणार. इंजिन गरम झालं की तो सेन्सरचं ऐकायला लागतो आणि पेट्रोल कापत जातो..."

"कापतच जातो."

"म्हणजे माझी गाडी उपाशी मरते आणि तिला वाटतं आपलं जेवण जास्त झालं!"

"उपाशी तर मीही आहे सकाळपासून," काकू म्हणाल्या. "नाश्त्याला थांबू म्हणाला होतात."

शर्वरीने बॉनेटखालच्या छोट्या डबीकडे बोट दाखवलं. नव्या सेन्सरची डबी. तिच्यातून दोन तारा निघत होत्या. एक कंप्युटरला जोडलेली. दुसरीच्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली.

"ही कशाला बांधून ठेवलीत?"

सर ओशाळले. "ती... जुन्या सेन्सरसारखं बोलते. दोनच शब्द. मला वाटलं, जुनाट विचारांच्या लोकांसाठी दिली असेल."

काकूंना हसू आवरेना.

"पण शर्वरी," सरांचा आवाज चढला, "एवढा शिकलेला सेन्सर! सगळं कळत असताना त्यानं अडाण्याचं सोंग घ्यायचं?"

शर्वरीने त्यांच्या हातात पक्कड दिली.

सरांनी स्वतःच टेप सोडवली. दोन शब्दांची तार कंप्युटरला जोडली. सगळं सांगणारी तार काढून सेन्सरबरोबर आलेल्या, डॅशबोर्डवरच्या मीटरकडे नेली, स्वतःच्या डोळ्यांसमोर.

गाडी सुरू झाली. मिनिट गेलं. इंजिन गरम झालं. काकू रस्त्याकडे बघत राहिल्या, निपाणीची एसटी येऊन थांब्यावर उभी राहिली, कंडक्टरने घंटी मारली.

इंजिन चालूच होतं. मीटरवरचा आकडा एकाच जागी हलके डुलत होता, थोडा जास्त, थोडा कमी.

काकूंनी एसटीला जाऊ दिलं. पिंपावरची पिशवी उचलली, पुढच्या सीटवर बसल्या आणि कुंची मांडीवर काढून घडी नीट केली.

"चला. पाळण्यात मीच घालणार आहे तिला."

रॅम्पवरून गाडी खाली उतरवायला शर्वरी पुढे उभी राहिली. "येऊ द्या, सर... येऊ द्या..."

सरांनी मध्येच ब्रेक दाबला. काचेतून डोकं बाहेर काढलं. चेहरा उजळला होता. वर्गात फळ्याकडे वळताना उजळायचा तसाच.

"शर्वरी, आत्ता माझ्या लक्षात आलं! या सगळ्याचं तात्पर्य तीन भागांत मांडता येईल. पहिला भाग असा की, ज्ञान आणि..."

काकूंनी डॅशबोर्डवर थाप मारली.

"बास."