जुनी भोकं बुजवणारा लॅपटॉप

“सगळी जुनी भोकं बुजवा!” रंगराव थोरबोले गरजले. “आपल्या स्वस्त लॅपटॉपला यापुढे फक्त नवे, चपटे, इवलेसे पोर्ट. तेही दोनच!”

कारखान्यातले अभियंते एकमेकांकडे बघू लागले. रंगराव मालक होते, आणि मालकांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढायची सोय नव्हती. नव्या लॅपटॉपचं नाव त्यांनी ‘चपळ’ ठेवलं होतं. तो वहीसारखा पातळ होता आणि त्याची कड आरशासारखी गुळगुळीत होती.

“मालक,” मागून आवाज आला, “पेनड्राइव्ह कुठं लावायचा?”

विचारणारी होती हौसाबाई लोहार. दुरुस्तीच्या टेबलावर तिची बारा वर्षं गेली होती. बिघडलेला लॅपटॉप घेऊन आलेलं माणूस घरी त्याला काय काय जोडतं, हे तिला तोंडपाठ होतं.

“अडॅप्टर घ्यायचा आणि लावायचा!”

“पहिल्यांदाच लॅपटॉप घेणाऱ्याच्या घरी सगळं जुनंच असतं, मालक. माऊस जुना, प्रिंटर जुना.”

“अहो, जुनं धरून बसलो तर नवं येणार कधी? हा लॅपटॉप हातात घेतलेला माणूस तो परत देणार नाही. फुकट दिला तर मुळीच नाही!”

“देईल की,” हौसाबाई म्हणाली.

झालं! रंगरावांच्या मिशा थरथरल्या.

“ठीक आहे! हा घ्या एक चपळ. तुम्हाला वाटेल त्याला फुकट द्या. उद्या दिवस मावळायच्या आत त्यानं स्वतःच्या हातानं, राजीखुशीनं तो परत द्यायला हवा. तुम्ही लॅपटॉपविरुद्ध एक शब्द बोलायचा नाही. बदल्यात काही देऊ करायचं नाही. जमलं तर तुम्ही म्हणाल तसा लॅपटॉप बनवू. नाही जमलं, तर दुरुस्तीचं टेबल सोडायचं आणि जन्मभर खोकी चिकटवायची!”

अभियंत्यांनी हौसाबाईकडे दयेनं पाहिलं. फुकटचा लॅपटॉप परत कोण देणार?

“कुणालाही दिला तरी चालेल?” तिनं विचारलं.

“राजाला द्या, नाहीतर रस्त्यावरच्या माणसाला द्या!”

हौसाबाई चार पावलं पुढं आली, तिनं चपळ दोन्ही हातांत घेतला आणि तो रंगरावांसमोरच धरला.

“मग तुम्हीच घ्या, मालक.”

रंगराव खदाखदा हसले. “मला? मी बनवलेला लॅपटॉप मीच परत देईन? खोक्यांचा डिंक कालवून ठेवा, हौसाबाई!”

“एवढंच करा, उद्या तुम्ही शाळेत लॅपटॉप दाखवायला जाणार आहात ना, त्या कार्यक्रमाला हाच न्या. मीही येते.”

“नेणारच आहे!”

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या शाळेत चाळीस मुख्याध्यापक जमले होते. लॅपटॉप पसंत पडला, तर तालुक्यातल्या सगळ्या शाळा तो घेणार होत्या. रंगराव कडक इस्त्रीच्या कोटात व्यासपीठावर चढले. त्यांनी चपळ उघडला. टाळ्या पडल्या. पडद्यावर चित्र दाखवायचं म्हणून त्यांनी प्रोजेक्टरची वायर उचलली.

वायर चांगली जाडजूड होती, टोकाला निळं डोकं, त्याला दोन स्क्रू.

रंगरावांनी चपळ डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला, उलटा करून पाहिला.

“कुणाकडं अडॅप्टर आहे का?”

“होता साहेब,” एक मुख्याध्यापक म्हणाले, “मागच्याच महिन्यात हरवला.”

तेवढ्यात शाळेच्या मुख्याध्यापिका कुलकर्णीबाई पेनड्राइव्ह घेऊन आल्या. “यात आमच्या मुलांची चित्रं आहेत. तुमच्या लॅपटॉपवर दाखवायची म्हणून मुलं सकाळपासून वाट बघतायत.”

रंगरावांना घाम फुटला. त्यांनी हौसाबाईकडे पाहिलं. ती पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसली होती.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. मागच्या रांगेतले दोघे घड्याळ बघत उठू लागले.

“साहेब, आमचा जुना लॅपटॉप चालेल का?” कुलकर्णीबाईंनी भीतभीतच विचारलं. “सावकाश चालतो, पण वायर बसते.”

“आणा, आणा, लवकर आणा!” रंगराव ओरडले. टेबलावर जागा नव्हती, म्हणून त्यांनी चपळ झटकन उचलला आणि पुढं वाकून हौसाबाईच्या हातात दिला. “हा घ्या परत!”

शब्द तोंडातून निघाला आणि रंगराव तिथंच थिजले.

“मिळाला, मालक,” हौसाबाई म्हणाली. “अजून दिवस मावळायचाय.”

“परत नाही दिला! नुसता धरायला दिलाय!”

“असं होय? मग घ्या की!” तिनं चपळ पुन्हा पुढं केला. “कार्यक्रम यावरच करा.”

रंगरावांनी चपळकडे पाहिलं. मग निळ्या डोक्याच्या वायरीकडे आणि शेवटी दाराशी वाट बघणाऱ्या मुलांकडे. त्यांच्या मिशांखाली काहीतरी हललं.

“ठेवा तुमच्याकडंच!” म्हणत ते असे हसले की माईक कुईं करून ओरडला. सगळं सभागृह हसायला लागलं.

मुलांची चित्रं पडद्यावर झळकली. कार्यक्रम संपला तशी रंगरावांनी सर्वांसमोर शब्द दिला, “तुमच्यासाठी येणाऱ्या लॅपटॉपला नवे पोर्ट असतील आणि जुनेही. मगच घ्या!”

चाळीसच्या चाळीस हात वर झाले.

खाली उतरल्यावर मात्र त्यांनी हौसाबाईला गाठलं. “हरलो, कबूल! पण एक सांगा. ही जुनी भोकं मी अशी जन्मभर पोसायची का?”

“छे हो, मालक! तालुक्यातल्या शेवटच्या शाळेला तुम्ही नवा प्रोजेक्टर दिलात की दुसऱ्या दिवशी खुशाल बुजवा.”

रंगरावांना पुन्हा हसू फुटलं. हसता हसता त्यांनी खिशातून पेन काढलं आणि तिथल्या तिथे कागदावर लिहून दिलं: यापुढे थोरबोल्यांचा कोणताही लॅपटॉप हौसाबाई लोहार यांच्या सहीशिवाय बाजारात जाणार नाही, पगार दुप्पट. आणि तो पातळ, गुळगुळीत चपळ? तो त्यांनी तिलाच बक्षीस दिला.