साबाजीच्या नावाची हाक

वखारींची बातमी आली तो दिवस खारवडे बंदरात अगदी साधा होता. ओहोटी लागली होती, धक्क्याच्या पायरीवर बायका कालवांचे शिंपले फोडत बसल्या होत्या आणि मिठाच्या शेवटच्या वखारीचे सागवानी दार दिवसभर असते तसे उघडे होते. तालुक्याहून आलेल्या एसटीतून एकजण उतरला आणि उभ्याउभ्याच म्हणाला की वखारी शहरातल्या कुठल्याशा संस्थेला दिल्या. तिथे विरंगुळा केंद्र होणार. वाचनालय, कॅरमची खोली, नाटकाला रंगमंच, बाहेरगावच्यांना उतरायला खोल्या. वरच्या आळीच्या पंचांनी सह्या केल्या होत्या. खालच्या आळीला कोणी बोलावले नव्हते. कालवे फोडणाऱ्या बायका खालच्या आळीच्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

पुढे संस्थेची माणसे वखारी पाहायला आली. जांभ्याच्या जाड भिंती, खिडकी एकही नाही; मिठाला दमट वारा लागू नये म्हणून तशाच बांधलेल्या. रिकाम्या वखारीचे दार रोज संध्याकाळी हाक मारून का लावतात, असे त्यांनी विचारले. खालच्या आळीच्या सुभद्राकाकी समोरच्या ओट्यावर बसल्या होत्या. ‘या’ म्हणाल्या नाहीत, ‘बसा’ म्हणाल्या नाहीत. पण विचारलेच आहे तर ऐका, म्हणाल्या.

असे सांगतात की वखारी मिठाने भरलेल्या असत तेव्हाही या दोन आळ्यांचे पटत नव्हते. शिमग्यात पालखीला पहिला खांदा कोणाचा, यावरून सुरुवात झाली म्हणे. शेवटच्या वखारीत वरच्या आळीचे हमाल राबत, बाकीच्यांत खालच्या आळीचे. वरच्यांचा मुकादम धाकोजी. त्याची मुलगी येसू हिने खालच्या आळीच्या साबाजीशी लग्न केले, तेव्हा धाकोजीने ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून शपथ घेतली की त्या माणसाचे नाव माझ्या जिभेवर येणार नाही.

वखारीत भरदिवसाही काळोख असे. दमलेला हमाल गोण्यांच्या थप्पीमागे आडवा झाला तर दिसत नसे. म्हणून संध्याकाळी मुकादमाने दारात उभे राहून एकेकाचे नाव घ्यायचे, ज्याने त्याने ओ देऊन बाहेर पडायचे आणि मग कडी लावायची, असा रिवाज होता. नाव घेतल्याशिवाय कोणी बाहेर येत नसे. ते अपशकुनाचे मानत.

शिमग्याच्या आदल्या दिवशी मिठाची मालवाहू होडी, म्हणजे पडाव, भरतीवर निघायचा होता आणि वरच्या आळीचे हमाल कमी पडत होते. साबाजी न बोलावता आला. डोक्यावर गोणपाट घेतले आणि गोण्या वाहू लागला. त्याला कोणी ये म्हटले नाही, जा म्हटले नाही. धाकोजीने पाहिले आणि मान वळवली. दुपारी साबाजी शेजारच्या हमालाला हसत म्हणाला म्हणे, “आज सासऱ्यानं नाव घेतल्याबिगर मी भायेर यायचा नाय.” ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटली.

संध्याकाळी धाकोजीने आपल्या माणसांची नावे घेतली. सगळे बाहेर आले, ढोल बांधायला पळाले. धाकोजी कडीवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला, असे सांगतात. मग त्याने कडी लावली.

का उभा राहिला, यावर आळ्यांचे आजपावेतो एकमत नाही. वरची आळी म्हणते, थकला होता. जावई केव्हाच गेला असे त्याला वाटले. खालची आळी म्हणते, त्याला ठाऊक होते. या एका वाक्यावरून लग्नाच्या पंगती उठल्या आहेत.

साबाजी पडावावर चढून गेला असेल, असे येसूसकट सर्वांनी धरले. पालखी देवळात परत जाईपर्यंत, म्हणजे शिमग्याचे सगळे दिवस, वखार उघडायची नाही, असा नेम. गावभर ढोल वाजत होते. दार वाजले असेल तर कोणाला ऐकू गेले नाही. वखार उघडली तेव्हा साबाजी दाराशीच, बसल्या जागी गेलेला होता. सगळीकडे मीठ, आणि प्यायला थेंब नाही.

येसू त्या संध्याकाळी येऊन उंबरठ्यावर बसली. धाकोजीने नावे घेतली, माणसे तिला ओलांडून बाहेर पडली. तो कडीकडे वळला तेव्हा ती म्हणाली, “बाबा, अजून एक जण आत हाय. त्याचं नाव घ्या.”

धाकोजीने ते नाव घेतले नाही. येसू उठली नाही, दार लागले नाही. असे किती दिवस गेले ते कोणी सांगत नाही. शेवटी त्याने शपथ मोडली आणि आत तोंड करून साबाजीला हाक मारली. ओ आली नाही. येसू बाजूला झाली आणि म्हणाली, “लावा आता.”

तेव्हापासून हाक वरच्या आळीने मारायची आणि ‘लावा’ खालच्या आळीने म्हणायचे. एकमेकांच्या घरचे पाणी न पिणारी दोन माणसे रोज दिवेलागणीला एवढ्यासाठी समोरासमोर येत.

संस्थेचे प्रमुख म्हणाले, फार हृद्य कथा आहे, आपण दर्शनी भागात पाटी लावू.

“पाटी हाक मारते काय?” सुभद्राकाकींनी विचारले.

हाकेचा मान सध्या वरच्या आळीच्या अनंत मुकादमांकडे, ‘लावा’ म्हणायचा सुभद्राकाकींकडे. मुकादम पाहुण्यांबरोबरच उभे होते. हाक मी मारीन, त्याची काळजी नको, असे ते म्हणाले.

“तू मारशील रे. वखारी देताना आमाला इचारलंस काय? मग दारपण न इचारता लाव.”

“तुझ्या हुकमाची वाट बघत बसलोय काय आमी?”

“बसलायस. तुझा बापूस बसला, आजा बसला.”

मुकादम पाहुण्यांना घेऊन निघून गेले.

केंद्र झाले. भिंती फोडून खिडक्या काढल्या, मिठाच्या जागी लोखंडी खाटा आल्या. नव्या गिलाव्यातून पावसाळ्यात खार फुटतो. खालच्या आळीचे कोणी तिथे पत्ते खेळायलासुद्धा जात नाही. बाकीच्या दारांना नवी कुलपे आहेत. शेवटच्या दाराशी राखणदाराची खुर्ची आहे, कारण पाहुणे उघड्या दाराने झोपायला घाबरतात.

आजही दिवेलागणीला अनंत मुकादम येतात. आत तोंड करून साबाजीला हाक मारतात. कॅरम खेळणारे क्षणभर थांबतात. मुकादम कडीवर हात ठेवून समोरच्या ओट्याकडे पाहतात. सुभद्राकाकी तिथे बसलेल्या असतात, हाक त्यांना स्वच्छ ऐकू जाते.

खालच्या आळीने अजून ‘लावा’ म्हटलेले नाही.