सावलीच्या चार रेघांचा वसा

ऐक सावलीमाय, तुझी कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका. मांडीवर पोर असेल तर असू द्या, रडलं तर रडू द्या, कहाणी थांबत नाही.

आटपाट एक नगर होतं. तिथं ऊन फार, झाडं थोडी. वेशीबाहेर मैनाजी कुंभार राही. त्याची बायको येसू. त्यांना तीन लेकरं, थोरली चिमणा, मधला खंडू, धाकटी बायजा. पावसाळ्यात चाक बंद असे, दिवाळीला पणत्या होत, संक्रांतीला सुगडं होत. खरं काम उन्हाळ्याचं. उन्हाळा आला की घरोघर माठ लागे, वाटेवर पाणपोईला माठ लागत. आणि नेमका तेव्हाच पंतोजी शाळा बंद करी. पोरांना म्हणे, "जा बाबांनो, आता ज्येष्ठात या."

नगरातली पोरं मामाच्या गावी जात. येसूला भाऊ नव्हता. मामा नाही त्याचा उन्हाळा घरीच.

मग काय झालं? पहिल्या दिवशी खंडूनं मळून ठेवलेल्या मातीचे बैल केले, नांगर केला, गाडी केली, माती सरली. दुसऱ्या दिवशी बायजा ओल्या माठात पाय घालून बसली, माठ बसला. तिसऱ्या दिवशी चाक कुणी फिरवायचं म्हणून चिमणा आणि खंडू भांडले, चाक खुंटीवरून उतरलं. येसू सकाळी ओरडली, दुपारी ओरडली, संध्याकाळी तिचा घसा बसला.

मग मैनाजी म्हणाला, "येसू, पोरं आक्काकडं धाडू. तिच्याकडं गुरं आहेत, राखतील. पोटाला मिळेल."

"परत कधी आणायची?"

"बघू."

मैनाजीची थोरली बहीण आक्का बारा कोसांवर राही. तोंडाची फटकळ, हाताची कडक. शेजारचं एक पोर असंच 'बघू' म्हणून तिच्याकडं गेलं होतं. दोन वर्षांनी आलं ते आईला अहोजाहो करू लागलं.

येसू म्हणाली, "बायजा अजून माझा पदर धरून निजते."

मैनाजी म्हणाला, "गाईची शेपटी धरून निजेल. माठ झाले नाहीत तर खाशील काय?"

दुपार झाली. डोक्यावर काटक्यांचा भारा घेऊन एक म्हातारी आली, अंगणातल्या लिंबाखाली टेकली. पाणी मागितलं. येसूनं दिलं. म्हातारी प्याली, तोंड पुसलं, म्हणाली, "लेकी, घसा का बसला?"

"पोरं घरात आहेत, माय. काम होत नाही. काम झालं नाही तर पोरं जातात."

"मग सावलीमायचा वसा घे."

"वसा घेतला तर काय करावं?"

"चैत्रमासी, शाळा सुटेल त्या दिवशी, अंगण सारवावं. लिंबाच्या सावलीवर राखेच्या चार रेघा ओढाव्या. सकाळी सावली चाकाशी असेल तिथं पहिली. दुपारी बुंध्याशी येईल तिथं दुसरी. उतरत्या दुपारी गोठ्याकडं सरकेल तिथं तिसरी. गोठ्यापार जाऊन मावळेल तिथं चौथी. पहिल्या रेघेला ज्याला त्याला त्याच्या हातापुरतं काम द्यावं. एकाला एकच. दुसऱ्या रेघेला जेवावं आणि आडवं पडावं, पोर निजो न निजो. आईनंही पडावं."

"आणि तिसऱ्या रेघेला?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काही नाही. ती रेघ माझी. तिच्यात पोरांना कुणी काही सांगू नये. लोळली तर लोळू द्यावी, उगा बसली तर बसू द्यावी."

"आणि चौथी?"

"चौथी तुझ्या नवऱ्याची. त्यानं पोरांना नदीवर न्यावं, न्हाऊ घालावं, आणावं."

मैनाजी चाकावरून म्हणाला, "माझ्यामागं कशाला, म्हातारे? मला माती आहे."

म्हातारी म्हणाली, "पोरं काय तिनं एकटीनं केली?"

मैनाजीनं मान खाली घातली आणि चाकाला काठी दिली.

जाताना म्हातारी म्हणाली, "फुगू नको, फुशारू नको. चाराच्या पाच करू नको. घेतला वसा बुडवू नको." भारा उचलला आणि गेली.

येसूनं वसा घेतला. अंगण सारवलं, राख आणली, चार रेघा ओढल्या. पहिल्या रेघेला चिमणा माती चाळी, खंडू राख मिसळी, बायजा पाण्याचं बोळकं घेऊन बापाच्या शेजारी बसे, त्याचे हात सुकले की ओले करी. दुसऱ्या रेघेला सगळी आडवी होत. बायजा निजे, खंडू पत्रावळीचे दांडे मोजी, येसूचाही डोळा लागे. तिसऱ्या रेघेला कुणी काही सांगत नसे. चौथीला मैनाजी नदीवर जाई. पहिले तीन दिवस कुरकुरत गेला, चौथ्या दिवशी स्वतःच पोहला.

पोरं शहाणी झाली असं नाही. भांडत होतीच. पण सावली सरकली की भांडण जिथल्या तिथं राही. येसूचा घसा सुटला. माठ झाले, पाणपोयांना गेले. आक्काचं नाव कुणी काढलं नाही. उन्हाळा सरला.

पुढल्या वर्षी पुन्हा चैत्र आला. शाळा सुटली. येसूनं चार रेघा ओढल्या. तिसऱ्या रेघेला शेजारीण पुतळाबाई ताक मागायला आली. पोरं लिंबाखाली लोळत होती.

पुतळाबाई म्हणाली, "अगं येसू, तुझी पोरं आजारी आहेत का?"

"नाही बाई."

"मग अशी पडलीत ती? आमचा सदू या वेळेला पाढे म्हणतो. पावकी झाली, निमकी झाली, आता औटकीला हात घातलाय. असो. ज्याची त्याची पोरं."

ताक घेऊन गेली. येसूच्या मनात ते शब्द राहिले. तिला वाटलं, एवढा वेळ मोकळा पडतो, माती अशी वाया घालवतो का आपण? मग तिनं तिसऱ्या रेघेच्या पोटात पाचवी रेघ ओढली, पाढ्यांची. दुसऱ्या दिवशी सहावी ओढली, श्लोकांची. तिसऱ्या दिवशी सातवी ओढली, सूत कातायची. अंगण चौसराच्या पटासारखं झालं.

मग काय झालं? चिमणानं आईला पहिल्यांदा उलटं उत्तर दिलं. खंडू लिंबावर चढून बसला, खाली येईना. बायजा एक पाय इकडं, एक पाय तिकडं करून उभी राहिली आणि म्हणाली, "आये, मी कुठल्या रेघेवर हाय?"

येसूनं तिला उचलून पाढ्यांच्या रेघेवर ठेवलं.

ती या रेघेवरून त्या रेघेवर पोरं हाकत राहिली. थापायचे माठ थापायचे राहिले. वेळ हातचा गेला. मग तिनं ओले माठ छपराखालून काढले आणि उन्हात मांडले, लवकर सुकावेत म्हणून. ती कुंभाराची लेक, कुंभाराची सून. कच्चा माठ सावलीतच सुकवावा, उन्हात तो वरून सुकतो आणि आतून तडकतो, हे तिला पाळण्यापासून ठाऊक होतं. पण त्या दिवशी तिला रेघा दिसत होत्या, माठ दिसत नव्हते. संध्याकाळी केसाएवढ्या चिरा पडल्या. तिनं पातळ मातीनं त्या लिंपल्या, नवऱ्याला सांगितलं नाही, आणि माठ भाजायच्या आव्यात रचले.

तीन दिवसांनी मैनाजीनं आवा उघडला. आत खापऱ्या होत्या.

त्यानं एक खापरी उचलली, लिंपलेली चीर पाहिली. तो ओरडला नाही, म्हणून येसू भ्याली. गावातला एक माणूस बारा कोसांवर चालला होता, त्याच्यापाशी मैनाजीनं निरोप दिला, "आक्काला सांग, पुनवेला गाडी घेऊन ये. पोरं तयार असतील." पुनवेला नऊ दिवस होते.

येसू म्हातारीला शोधायला निघाली. नदीवर परटिणीला विचारलं, "काटक्यांचा भारा घेतलेली म्हातारी पाहिलीस का?" ती म्हणाली, नाही. तळ्यावर गुराख्याला विचारलं. तो म्हणाला, नाही. देवळात गुरवाला विचारलं. तो म्हणाला, "बाई, काटक्या वेचणाऱ्या पाच म्हाताऱ्या आहेत, तुला कुठली हवी?" येसू परत फिरली. तळपाय पोळले होते. अंगणात आली, लिंबाखाली बसली. सावली गोठ्याकडं सरकली होती.

तिला कुणाला काही सांगायचं बळ नव्हतं. ती नुसती बसली.

चिमणा आली. "आये, बरं नाही का?"

"बरं आहे."

"मग काय करू?"

"काही नको."

चिमणा शेजारी बसली. थोड्या वेळानं आजही लिंबावर चढलेला खंडू उतरला, तोही बसला. बायजानं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. एक मुंगळा पाढ्यांची रेघ ओलांडून श्लोकांच्या रेघेवर गेला, तिथून सुताच्या रेघेवर गेला. खंडू म्हणाला, "ह्यालाही फार काम आहे." येसूला हसू आलं. मग रडू आलं. मग तेही गेलं.

सावली गोठ्यापार गेली तशी येसू उठली. पायानं पाचवी रेघ पुसली. पोरं उठली, त्यांनी सहावी पुसली, सातवी पुसली. पुसता पुसता सगळंच अंगण पुसलं गेलं. येसू म्हणाली, "आता आधीच्या चार कुठं होत्या?"

चिमणा म्हणाली, "मला पाठ आहेत." आणि तिनं ओढल्या.

मैनाजी दारातून म्हणाला, "आता ओढून काय होतं? निरोप गेला."

येसू म्हणाली, "अहो, गाडी येईतो तुमची रेघ तुम्ही सांभाळा. माझ्या तीन मी सांभाळते. मग काय ते बोला."

त्यानं पोरांकडं पाहिलं. खांद्यावर पंचा टाकला आणि त्यांना घेऊन नदीवर गेला.

मग पुन्हा चाक फिरलं. चिमणानं माती चाळली, खंडूनं राख मिसळली, बायजानं बापाचे हात ओले केले. येसूनं माठ थापले आणि सावलीत ठेवले. पुतळाबाई आली, म्हणाली, "पोरं पुन्हा लोळायला लागली वाटतं." येसू म्हणाली, "हो बाई," आणि तिला ताक दिलं. माठ गेल्या वर्षाएवढे झाले नाहीत, निम्मे झाले. सुकायला लागले तेवढे दिवस सुकू दिले. आवा लावला.

पुनवेला उजाडता गाडी आली. गाडीत आक्का बसली होती. "चला रे, चढा. माझी गुरं खोळंबलीत. येसू, यांची पांघरुणं कुठायत?"

येसू म्हणाली, "वन्सं, बसा. पाणी घ्या." तिनं तांब्या पुढं केला.

मैनाजी आव्याशी गेला. राख सारली. पहिला माठ काढला, बोटानं टिचकी मारली. माठ खणखणला. दुसरा काढला, तोही खणखणला. तिसरा काढला, तोही. असे सगळे काढले. मग एकेक उचलून गाडीत गवतावर मांडू लागला.

आक्का म्हणाली, "अरे मैनाजी, हे काय भरतोस?"

"माठ. जाताना पाणपोईवर उतरव. एक तुझ्या घरी ने."

"आणि पोरं?"

मैनाजीनं लिंबाकडं पाहिलं. म्हणाला, "सावली चाकाशी आहे, आक्का. त्यांना आता काम आहे."

आक्कानं गाडीतले माठ न्याहाळले. मग म्हणाली, "निदान सगळ्यात मोठा मला दे." तिनं माठ मांडीवर घेतला, गाडी वळली. चिमणानं चाळण हातात घेतली.

त्यानंतर येसूनं दरसाल चारच रेघा ओढल्या. सावलीमाय पुन्हा आली नाही, तिला यायचं काही कारण नव्हतं.

सावलीमाय, येसूला जशी पावलीस तशी ऐकणारीला पाव, सांगणाऱ्याला पाव. ज्यांची पोरं उन्हाळ्यात घरी आहेत त्यांची घरीच राहोत, आयांचे घसे शाबूत राहोत, तिसरी रेघ रिकामी राहो. साठ बोलांची ही कहाणी पाच बोलांत सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.