सारजाचं आवतण

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. बोरवंडला तेव्हा नुसती गाडीवाट होती आणि नदीवर पूल नव्हता. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं, त्यांच्या कबरींवरचे दगडसुद्धा आता झिजले. गोष्ट मात्र अजून सांगतात.

बोरवंड हे माळावरचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला ख्रिस्ती मंडळींची वस्ती होती. वस्तीच्या टोकाला, चिंचेखाली, त्यांनी आपल्या हातांनी बांधलेलं मातीचं प्रार्थनामंदिर होतं. बाजरी घरात आली की मंडळी सुगीचा सण करत. ज्याच्या शेतात जे पिकलं ते तो देवापुढे आणून ठेवी. ज्याला शेत नसे तो जळणाची मोळी आणी. मग सगळे एका पंगतीत जेवत. ही पंगत आपली नाही, देवाची आहे, आपण तिथले पाहुणे, असं मंडळी मानत. म्हणून सणाच्या सकाळी पाळक मल्हारबुवा स्वतः प्रत्येक दारात जात आणि आवतण देत. म्हणत, “देवबापानं बोलावलंय. पान मांडलंय. आनंदानं या.”

त्या वस्तीत सारजा राहत होती. नवरा तरुणपणीच गेलेला. सोना नावाची एक मुलगी, तेवढंच तिचं घर. सारजाचा गळा गोड होता. पहाटे ती जात्यावर गाऊ लागली की शेजारणी आपलं जातं थांबवून ऐकत, असं म्हणतात.

एका सुगीच्या सणाला सोना तापानं फणफणली. दवाखाना नदीपलीकडे, तालुक्याच्या गावी. वस्तीत बैलगाडी एकट्या दगडूकडे होती. दगडू सारजाच्या माहेरच्या गावचा, तिचा मानलेला भाऊ. ती धावत पंगतीत गेली. दगडू नुकताच पानावर बसला होता.

“दादा, पोरीचं अंग जळतंय. गाडी जुंप.”

“जुंपतो बाई,” दगडू म्हणाला. “दोन घास खातो अन् निघू.”

दोन घासांचं जेवण झालं. जेवणानंतर भजन सुरू झालं, आणि भजनात दगडूचा हात डफावर होता. गाडी निघाली तेव्हा उन्हं उतरली होती. नदीच्या वाळूत चाकं रुतली, आणि तिथंच आईच्या मांडीवर सोनानं डोळे मिटले. मागे वस्तीत अजून भजन चालू होतं. वाऱ्यावर ते वाळूपर्यंत ऐकू येत होतं.

त्यानंतर सारजाचं जातं मुकं झालं. ती कामाला जाई, भाकरी थापी, कुणाचं वाईट बोलत नसे. पण प्रार्थनामंदिराची पायरी ती चढली नाही. आणि वाटेत दगडू दिसला की पदर ओढून दुसऱ्या बाजूला तोंड करी.

दगडूचंही तसंच झालं. त्यानं बैल विकले. गाडी अंगणात उन्हापावसात कुजत पडली. त्याला वाटे, आपण कोणत्या तोंडानं पंगतीत बसायचं? सणाच्या दिवशी तो आतून कडी लावून बसे.

मल्हारबुवा दर वर्षी सारजाच्या दारात येत आणि आवतण देत.

सारजा म्हणे, “बुवा, माझ्या घरी सुतक आहे.”

“सुतक फिटतं, बाई.”

“माझं नाही फिटत. तुमच्या देवाला सांगा, त्याच्या पंगतीच्या दिवशीच माझं पान उचललं गेलं.”

बुवा वाद घालत नसत. मान खाली घालून पुढच्या दारी जात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा येत. सारजाच्या केसांत पांढरं दिसू लागलं, तरी बुवांचं येणं चुकलं नाही आणि तिचं उत्तर बदललं नाही.

मग एक साल असं आलं की बुवांचे पाय गेले. ते खाटेवर पडले. सणाच्या सकाळी ज्याला त्याला वाटलं, दुसरा कोणी आवतण द्यायला जाईल. कोणीच गेलं नाही. सारजानं अंगण झाडलं. चूल सारवली. बरं झालं, आज कुणाला नाही म्हणायला नको, असं ती मनाशी म्हणाली. पण तिची नजर पुन्हा पुन्हा दाराकडे जात होती.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा दारात एक माणूस उभा राहिला. अनोळखी, धुळीनं माखलेला.

“माय, सुगीचं जेवण कुठं आहे?”

“सरळ जा, बाबा. टोकाला चिंच दिसेल.”

तो हलला नाही. म्हणाला, “तू चल ना बरोबर. एकट्यानं जेवायला बसायची मला सवय नाही.”

“माझ्या घरी सुतक आहे.”

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. “म्हणून तर आधी इथं आलो.”

सारजाला राग यायला हवा होता, पण आला नाही. माणूस भुकेला दिसत होता आणि भुकेल्याला दारातून वाट दाखवून परत पाठवायचं तिच्या जिवावर आलं. चिंचेपर्यंत पोचवून येते, असं म्हणून तिनं पायांत वहाणा घातल्या.

दोन घरं गेल्यावर तो थांबला. ओट्यावर एक आंधळा म्हातारा बसला होता. “हे येणार नाहीत?” त्यानं विचारलं. सारजा म्हणाली, “त्यांना धरून न्यायला कोणी नाही.” तो नुसता तिच्याकडे बघत राहिला. मग सारजानं म्हाताऱ्याचा हात धरला. पुढे वस्तीबाहेरच्या खोपट्यात एक महारोगी बाई राहत होती. तिथंही तो थांबला. सारजानं लांबूनच हाक मारली आणि ती बाई काठी टेकत त्यांच्यामागून चालू लागली. एवढ्या वर्षांत आपल्याला कुणी बोलावलं नव्हतं, असं ती वाटभर सांगत होती.

मग दगडूचं घर आलं. सारजानं पाय उचलला. पण तो माणूस कुजलेल्या गाडीपाशी थांबला.

“इथं कोण राहतं?”

“कोणी नाही.”

“चुलीचा धूर दिसतोय, माय.”

“जो राहतो तो येणार नाही.”

“त्याला कुणी बोलावलं?”

सारजा म्हणाली, “तुम्हीच बोलवा.”

“मी रोज बोलावतो,” तो म्हणाला. “पण या दारातून माझा आवाज आत जात नाही. तुझा जाईल.”

सारजा उन्हात उभी राहिली. असं म्हणतात, की ती इतका वेळ उभी राहिली की गाडीची सावली तिच्या पायांपर्यंत सरकत आली. शेवटी सारजानं दारावर हात मारला.

“आवतण आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता.

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. कडी निघाली. दगडू दारात आला, आणि समोर सारजा पाहून त्यानं चौकट घट्ट धरली.

“कुणाचं आवतण?”

“देवाचं.” मग ती म्हणाली, “आणि माझं.”

सगळी चिंचेखाली पोचली तेव्हा पंगत अजून बसायची होती. मल्हारबुवांची खाट अंगणातच ठेवली होती. सारजाला पाहून ते कोपरावर उठले.

“आलीस, बाई!”

“मी जेवायला नाही आले, बुवा. या पाहुण्याला पोचवायला आले.”

“कोणत्या पाहुण्याला?”

सारजानं मागं वळून पाहिलं. आंधळा म्हातारा होता. महारोगी बाई होती. दगडू होता. तो माणूस नव्हता. धुळीच्या वाटेवर पावलं होती, पण या चौघांचीच. आंधळ्या म्हाताऱ्यानं शपथेवर सांगितलं की त्याचा आवाज आपल्या मेलेल्या भावासारखा होता. महारोगी बाई म्हणाली, तो कुणी धनगर असावा. दगडू म्हणाला, मला तर दारात फक्त सारजा दिसली. पुढे लोकांनी सारजाला पुष्कळदा विचारलं, तो कोण होता? ती एवढंच म्हणे, “त्याला भूक लागली होती.”

त्या दिवशी सारजा पंगतीत बसली. महारोगी बाई तिच्या एका बाजूला आणि दगडू दुसऱ्या बाजूला. काही लोक पान उचलून लांब सरकले, हेही खरं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. वाढून झालं, प्रार्थना झाली, सगळे जेवू लागले. दगडूचा हात पानाकडे जाईना. तो मान खाली घालून बसला होता. सारजानं आपल्या भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि त्याच्या पानात ठेवला.

“दोन घास खा, दादा,” ती म्हणाली. “कुठं जायची घाई नाही आता.”

म्हातारा होत आलेला दगडू लहान मुलासारखा रडला, आणि रडत रडत जेवला. जे लांब सरकले होते, त्यांच्यातला एक उठून परत आपल्या जागी येऊन बसला. त्याच्यामागून बाकीचेही आले. त्या दिवशी भजनाला सारजानं तोंड उघडलं. आवाज आधी घोगरा निघाला, मग मोकळा झाला. असं म्हणतात, की नदीवर पाणी भरणाऱ्या बायांनी तो ऐकला आणि घागरी तिथंच ठेवून त्या वस्तीकडे आल्या.

मल्हारबुवा त्याच हिवाळ्यात देवाघरी गेले. आवतण द्यायचं काम सारजानं घेतलं. ती वस्तीत जाई, वस्तीबाहेर जाई, नदीपलीकडच्या वाड्यांवरही जाई. एकदा घाटात तिला वाटमाऱ्यांनी अडवलं. तिच्याजवळ घेण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिनं त्यांनाही आवतण दिलं. सणाच्या दिवशी ते आले, काठ्या बाहेर चिंचेला टेकवल्या आणि जेवले. जाताना त्यांतल्या दोघांनी काठ्या नेल्या नाहीत, असं सांगतात.

सारजा गेली ती सणाच्याच सकाळी, आपल्या घरात, दगडूच्या सुनेच्या हातून पाणी पिऊन. तिला पुरायला नेताना नदीपलीकडून माणसं येऊ लागली. एकेका वाडीतून, नटून, पोराबाळांना घेऊन. रडणारी मंडळी पाहून ही आलेली माणसं गोंधळली. म्हणाली, आम्ही तर जेवायला आलो. आज सारजाबाई दारात येऊन आवतण देऊन गेली. प्रत्येक वाडी हेच सांगत होती, आणि वेळही सगळे एकच सांगत होते, तिनं प्राण सोडला ती. मग मंडळींनी तिला मातीत ठेवलं, भजन म्हटलं आणि सगळ्यांना पंगतीत बसवलं. सुतक कुणी पाळलं नाही.

बोरवंडला आता पूल आहे आणि प्रार्थनामंदिर दगडी आहे. सुगीचा सण अजून होतो. त्या सकाळी प्रत्येक घरातलं एक माणूस निघतं आणि ज्या घराशी आपलं बोलणं नाही, त्या घरी आधी जातं. याला ‘सारजाचं आवतण’ म्हणतात. ते दिल्याशिवाय दुसऱ्या कुणाला बोलवायचं नाही, आणि सगळ्यांचं देऊन झाल्याशिवाय पंगतीची घंटा वाजवायची नाही, असा तिथला रिवाज आहे. काही वर्षी लवकर होतं. काही वर्षी एखादा माणूस अंगणापर्यंत जातो, परत येतो, पुन्हा जातो, आणि सारी वस्ती चिंचेखाली थांबून राहते. मागे एकदा बांधावरून भांडलेल्या दोघा भावांपायी दिवस कलला, मुलं भुकेनं रडायला लागली आणि रस्सा दोनदा गरम करावा लागला. पण त्यांच्यावाचून घंटा झाली नाही.