चौकशीच्या खिडकीतलं मेहूण

डोंगरापल्याडच्या एका गावात एक भोळा गडी राहायचा. नाव भिवाजी. सांगाल ते ऐकायचा, आणि ऐकलं तेवढंच करायचा.

त्याची बायको कौसाबाई. तिचं सोमवारचं व्रत पुरं झालं, उद्यापनाचा दिवस उजाडला. आधी मेहूण जेवू घालायचं, मग आपण उपास सोडायचा. मेहूण म्हणून तिने थोरल्या बहिणीला, अक्काला, आणि दाजींना बोलावलं होतं. ते राहायचे देवगावला. दाजी मोठे मानाचे. न्यायला माणूस आल्याशिवाय निघायचे नाहीत.

कौसाबाई म्हणाली, "स्टँडवर जा. देवगावची गाडी लागली की कर्ण्यावरून सांगतात. नीट ऐका हं."

"बरं," म्हणाला आणि निघाला.

कर्णा खरखरला. "देवगावची गाडी फलाट तीनवर लागली आहे."

भिवाजी कळवळला. बिचारीला लागलं. धावत घरी गेला, हळदीची वाटी घेऊन धावत आला, गाडीच्या तोंडाला जाडसर लेप लावला. लोकांना वाटलं, पूजा आहे. कुणी नारळ फोडला, एका म्हातारीने फूल वाहिलं. मग सगळे खोबरं चघळत आत बसले आणि गाडी गेली.

"अक्का कुठंय?" कौसाबाईने विचारलं.

"ते नाही ठाऊक. पण गाडी बरी झाली. आपली आपण चालत गेली."

"अहो, लागली म्हणजे उभी राहिली. लागली की चढून बसायचं."

"असं होय. बरं," म्हणाला आणि निघाला.

स्टँडवर रंगारी भिंत रंगवत होते. एकाने विचारलं, "शिडी लागली का रे?" दुसरा म्हणाला, "लागली."

भिवाजी चढला आणि वर जाऊन बसला.

"ओ पाहुणे, कुठं?"

"देवगाव."

"ही देवगावला जात नाही."

"मग कुठं जाते?"

"छपरापर्यंत."

भिवाजी विचारात पडला. तेवढ्यात खालून देवगावची गाडी निघून गेली. त्याने वरूनच तिला हात केला.

घरी आला तेव्हा कौसाबाईचं तोंड भुकेने सुकलं होतं. तरी ती रागावली नाही. म्हणाली, "देवाने तुम्हाला मन निर्मळ दिलं. मग बाकीचं द्यायला तो विसरला. आता असं करा. कळलं नाही की चौकशीच्या खिडकीत विचारा, ते सांगतील तसं करा. आणि अक्का-दाजींना घेतल्याशिवाय येऊ नका."

"बरं," म्हणाला आणि निघाला.

या खेपेला खिडकीतल्या मास्तरांनी त्याला दंडाला धरून गाडीत बसवलं. देवगाव आलं. अक्काच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "वाट बघून बघून ते दोघं तुमच्याकडेच गेले की."

भिवाजी दारात उभा राहिला. घेतल्याशिवाय जायचं नाही, आणि घ्यायला तर कुणी नाही. कळेना. तो देवगावच्या चौकशीच्या खिडकीत गेला.

"बाई, माझं मेहूण चुकलं."

"नावं सांगा, पुकारते."

"अक्का आणि दाजी."

कर्णा खरखरला. "अक्का आणि दाजी जिथे असतील तिथून चौकशी खिडकीजवळ यावे. त्यांच्यासाठी जेवण थांबले आहे."

आता देवगावच्या स्टँडवर प्रत्येक बाई कुणाची ना कुणाची अक्का, आणि प्रत्येक बाप्या कुणाचा तरी दाजी. सगळे उठले. भिवाजीने सगळ्यांना हात जोडले आणि गाडीत बसवलं.

घरी पाट मांडून खरी अक्का आणि खरे दाजी बसले होते. भिवाजी दारातून म्हणाला, "दाजी, जरा उठा. तुम्हाला पुकारलेलं नाही. ज्यांना पुकारलं त्यांचा नंबर आधी."

अंगण माणसांनी भरलं. अक्काने पदर खोचला, दाजींनी मान बाजूला ठेवून चूल फुंकली. पाहुण्यांनीही आपापल्या भाकऱ्यांची गाठोडी सोडली. शेवटची जोडी हात धुऊन उठली, तेव्हा कौसाबाई पानावर बसली. देव यायचा तर असाच माणसांच्या रूपाने यायचा, असं म्हणून तिने घास उचलला.

"थांब," भिवाजी म्हणाला. "एवढ्यात उपास सोडू नकोस."

"का हो?"

"गाडीत सगळे मावले नाहीत. देवगावच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, जादा गाडी सोडते."

वेशीवर भोंगा वाजला. कौसाबाईने महादेवाचं नाव घेऊन घास चटकन तोंडात घातला, आणि परात पुढ्यात ओढून पीठ मळायला घेतलं.