नावेचं सूप

फार पूर्वी एका खोल नदीच्या काठी एक गाव होतं. पलीकडच्या काठावर बाजार आणि मजुरांची वस्ती. मधे एकच नाव. तिच्यात बसायला भाडं नव्हतं. दर सुगीत प्रत्येक घर खळ्यावर एक सूपभर धान्य नावेसाठी बाजूला काढायचं. त्यावर नावाड्याचं घर चालायचं, नावेला तेल मिळायचं, फुटकी फळी बदलली जायची.

एका सुगीत नावाडी म्हणाला, "यंदा ओंजळभर जास्त द्या. दुसरी नाव बांधू, वर छप्पर घालू. बायका पोरं घेऊन उन्हात ताटकळतात."

गावातला बागायतदार हसला. त्याच्या दारात घोडागाडी होती. नदीला वर, खूप लांब एक उथळ उतार होता. तो तिथूनच पलीकडे जायचा.

"छप्पर घाल, गादी घाल, तक्क्याही ठेव," तो म्हणाला. "अरे, मी तुझ्या नावेत पायसुद्धा ठेवत नाही. मी सूप का द्यावं? बसेल त्यानं भाडं द्यावं."

बोलणं सरळ वाटलं. दर बाजाराला मडकी घेऊन नावेतून जाणारी कुंभारीणही गप्प राहिली. आपलं सूप वाचतंय म्हटल्यावर कोण कशाला बोलेल?

नावाड्यानं भाडं लावलं. बसणारे घटले. म्हणून भाडं वाढलं, तेव्हा आणखी घटले. मडक्यांचं मिळे ते भाड्यातच जाई, म्हणून कुंभारीण पलीकडे लेकीकडे राहायला गेली. तेलालाही पैसे उरेनात, तेव्हा नावाड्यानं नाव काठावर ओढून ठेवली. उन्हानं तिच्या फळ्या उकलल्या.

पुढच्या वर्षी बागायतदाराचा कापूस असा फुटला, की शेत पांढरंशुभ्र झालं. पण वेचायला कुणी नव्हतं. वेचणाऱ्या बायका दरवर्षी नावेनंच यायच्या. हे इतक्या वर्षांत त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. घोडागाडीत चारच मावत, आणि उतारावरून एका फेरीला दिवस जाई. आभाळ तर भरून येत होतं.

तो टोपलीभर धान्य घेऊन नावाड्याकडे धावला. "हे घे, मागचं-पुढचं सगळं घे. पण नाव काढ."

नावाड्यानं त्याला नावेपाशी नेलं. फटींतून गवत वर आलं होतं.

"आता देऊन काय करू, मालक?" तो हळूच म्हणाला. "तिला तेल दरवर्षी लागायचं."

बागायतदार काठावर जाऊन ओरडला, "बायांनो, या गं. दुप्पट मजुरी देतो."

पलीकडे बायका जमल्या. कमरेला ओटी बांधून तयारच होत्या. काम त्यांनाही हवं होतं. त्यांच्यातून कुंभारणीनं हाक दिली, "यायचं कशानं, मालक?"

दोन्ही काठांवर माणसं नुसती उभी राहिली, आणि शेतावर पाऊस सुरू झाला.

तात्पर्य: नाव फक्त तिच्यात बसणाऱ्यांची, असं म्हणणारं गाव शेवटी काठावरच उभं राहतं.